पितळी टोपीचा खिळा

तीन नोव्हेंबर, सोमवार. सकाळी शेडमध्ये खाली बसून मी एक खुर्ची लूमच्या चिंध्यांत गुंडाळत होते. पायांना जाड चिंधी, पाठीला मऊ, कोपऱ्यांना दोन घड्या. भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही. नवरा बाहेर टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होता. आत येणं त्याला जमत नाही. फर्निचरवाल्याचा मुलगा, पण भुसा नाकात गेला की शिंकांची माळ लागते. म्हणून तो टेम्पो चालवतो आणि शेड मी चालवते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच हे असं ठरून गेलं, आणि कोणाची तक्रार नाही.

शेड शेलार गावाच्या अलीकडे आहे. आधी तिथे कापडाचे लूम होते. त्यांचे बोल्ट अजून जमिनीत आहेत. नवा कारागीर पहिल्या दिवशी त्यांना ठेचकाळतो आणि आई-बहिणीवरून बोलतो, मग मला पाहून जीभ चावतो. सासऱ्यांनी लूम विकले आणि सागवानी पलंग, कपाटं, खुर्च्या करायला घेतल्या. ते गेले तेव्हा शेड दोन्ही मुलांच्या नावावर झाली, म्हणजे माझा नवरा आणि माझा धाकटा दीर. दिराचा धंदा जागा भाड्याने लावण्याचा. त्याच्या दृष्टीने छप्पर असलेली कुठलीही गोष्ट म्हणजे गोडाऊन.

त्या सकाळी मी जी खुर्ची गुंडाळत होते, तिच्यावर शेड राहणार की जाणार हे ठरायचं होतं. तसं घरात बोलणं झालं होतं. खुर्ची परदेशी कंपनीच्या परीक्षेत पास झाली तर कंपनीचं काम मिळणार आणि शेड चालू राहणार. नापास झाली तर शेड गोडाऊनवाल्याला द्यायची, कारागिरांनी दुसरीकडे बघायचं. दीर एवढ्यावर थांबला हेच खूप होतं.

परदेशी कंपन्या एकदम आल्या नाहीत. पहिली आली ती पडघ्याच्या बाजूला, मोठं गोडाऊन घेऊन. आम्हाला वाटलं, गोडाऊनच आहे, आपलं काय जातंय. भिवंडीत गोडाऊन नवीन नाही. मग दुसरी आली. मग आमच्या रस्त्यावरच्या दुकानांत गिऱ्हाईक यायचं ते मोबाईल पुढे करून. ‘असा पलंग आहे का?’ मोबाईलमध्ये पांढराफटक पलंग, त्याला ना नक्षी, ना पाय. तो म्हणे खोक्यातून येतो आणि नवरा-बायको दोघं मिळून घरी जोडतात. आम्ही हसलो. लग्नाचा पलंग कोणी खोक्यातून नेतं का? वर्षभरात रस्त्यावरचं एक दुकान जिम झालं, दुसऱ्यात मोबाईलची कव्हरं विकायला लागले, आणि आमचं हसणं थांबलं.

त्यातल्याच एका कंपनीची माणसं पावसाळ्याआधी आमच्या भागात फिरली. काही माल इथूनच करून घ्यायचा होता त्यांना. बऱ्याच शेडवाल्यांनी त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर नावं ठेवली. मी चहा पाजला आणि विचारलं, काय करून हवंय? त्यांनी नमुन्याची एक खुर्ची पाठवून दिली. सोबत नकाशा आणि वाळवलेलं रबराच्या झाडाचं लाकूड.

आमचे मिस्त्री खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले. मिस्त्री इथलेच, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. त्यांच्या घरी आमच्याकडून दिवाळीचा फराळ जातो, त्यांच्याकडून आम्हाला ईदला शिरखुर्मा येतो, आणि गोडात साखर कोणाच्या घरी जास्त यावर दरवर्षी वाद होतो. मराठीत सुरू करून हिंदीत संपवणं ही त्यांची बोलण्याची रीत.

त्यांनी खुर्ची दोन बोटांनी उचलली.

“भाभी, ही बसायला आहे की वाळत घालायला?”

“बसायला.”

“आपण बसलो तर बसेल ती. खाली. हमेशा के लिए.”

आमच्या बाजारात माल पारखायची एकच पद्धत. गिऱ्हाईक खुर्ची एका हाताने उचलून बघतं. हाताला ओढ बसली की मान डोलावतं. जड म्हणजे मजबूत. त्यातून समाधान झालं नाही तर बरोबरच्या सगळ्यात जाड नातेवाइकाला बसवतात. या खुर्चीला ओढ म्हणून नव्हती. पाय माझ्या मनगटाएवढे, सांध्याला स्क्रू नाही, खिळा नाही. आत लाकडी खुंट्या आणि सरस, एवढंच.

मिस्त्रींनी पहिली खुर्ची केली तेव्हा पाय गुपचूप जाड ठेवले. मी मोजपट्टी लावली आणि रंधा त्यांच्या हातात दिला.

“नकाशात आहे तेवढंच.”

“भाभी, कमजोर माल आपल्या शेडमधून गेला तर वर जाऊन साहेबांना काय तोंड दाखवू?” साहेब म्हणजे माझे सासरे.

“साहेबांना मी सांगते. तुम्ही तासा.”

तासले. तोंड वाकडं करून, पण दोऱ्याच्या जाडीचाही फरक राहू दिला नाही. खुर्ची नकाशाबरहुकूम झाली. तीच मी गुंडाळत होते. गुंडाळण्याआधी तिला उलटी केली आणि नेहमीप्रमाणे खिळा मारला.

या खिळ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या शेडमधून एकही नग खिळ्याशिवाय बाहेर पडत नाही. पितळी टोपीचा लांब खिळा, बैठकीच्या खाली, मागचा डावा पाय आडव्या पट्टीला मिळतो तिथे. तो मालकानेच मारायचा. आधी सासरे मारायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हा हातोडी माझ्याकडे आली, नवरा तर शेडच्या दाराशीच शिंकत होता. आपला माल ओळखता यावा म्हणून सासऱ्यांनी हे सुरू केलं होतं. दहा वर्षांनी खुर्ची दुरुस्तीला आली की उलटी करायची. पितळेची टोपी दिसली की आपली, दुरुस्ती फुकट. बाजारात त्याची पत झाली. मुलीच्या लग्नाचं सामान घ्यायला आलेला बाप, आगरी असो की कोकणी मुसलमान, पलंगाखाली वाकून बघायचा आणि विचारायचा, “खिळा हाय ना?” हाय म्हटलं की बोलणं पुढे सरकायचं.

खिळा मारला, खुर्ची गुंडाळली, आम्ही निघालो. पुढे नवरा आणि मी, मागे खुर्ची धरून मिस्त्री.

कंपनीची तपासणीची जागा तिच्या गोडाऊनच्या एका कोपऱ्यात होती, काचेच्या भिंतीआड. आत इतकी स्वच्छता की मिस्त्रींनी आपणहून चपला काढल्या आणि त्यांना परत घालायला लावल्या. तिथे दोन माणसं होती. एक उंच परदेशी साहेब, जो फक्त मान हलवायचा, आणि एक इंजिनीयर मुलगी, नगरकडची, बोलायला मोकळी. तिने खुर्ची उलटसुलट न करता सरळ ठेवली, मोजली, वजन केलं आणि म्हणाली, “काकू, छान केलीय. नकाशापेक्षा वेगळं काही केलंय का? कुठलाही बदल?”

“काही नाही,” मी म्हणाले. मिस्त्रीही म्हणाले, “कुछ नहीं.” आम्ही दोघंही खरंच बोलत होतो. आमच्या मनात काही आलंच नाही.

तिने दोन खुर्च्या मशीनखाली शेजारी शेजारी बांधल्या. एक त्यांच्या नमुन्यातली, एक आमची. वरून एक जड गोळा बैठकीवर दाबायचा आणि उठायचा. मागून एक दांडा पाठीला ढकलायचा आणि सोडायचा. जसा कोणी माणूस दिवसभर खुर्चीत बसतोय, मागे रेलतोय, उठतोय, परत बसतोय. मी आयुष्यात हजारो खुर्च्या विकल्या, पण खुर्चीला कोणी असं छळताना पाहिलं नव्हतं.

मिस्त्री मात्र खूश होते. माझ्या कानाशी म्हणाले, “बघा आता. त्यांची आधी बसते.”

मलाही तेच वाटत होतं. त्यांची खुर्ची दर धक्क्याला थोडी मागे झुकायची आणि परत यायची, वेताच्या छडीसारखी. आमची ताठ. मी मनात म्हटलं, ताठ आहे ती बरी.

चहा आला. आम्ही काचेपाशी उभ्यानेच प्यायलो. नवरा बाहेर सावलीत झोपला होता. कप रिकामा करून मी ठेवायला वळले आणि मागून आवाज आला. मोठा नाही, वाळलेली शेंग फुटावी तेवढा.

मी वळून पाहिलं ते त्यांच्या खुर्चीकडे. ती झुकत होती, परत येत होती. आमची खुर्ची एका बाजूला कलली होती. पुढच्या धक्क्याला पट्टी पायातून सुटली आणि खुर्ची गुडघा मोडलेल्या जनावरासारखी बसली.

मशीन थांबलं. मिस्त्रींच्या हातातला कप वाकडा झाला होता आणि चहा त्या स्वच्छ फरशीवर सांडत होता. ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. लाकूड त्यांचंच, नकाशा त्यांचाच, हात मिस्त्रींचे. मग आमचीच कशी?

मुलीने खुर्ची सोडवली आणि टेबलावर उलटी ठेवली. परदेशी साहेब वाकला. त्याने एका जागी बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण बोट कळलं.

“काकू,” मुलगी म्हणाली, “हे काय आहे?”

पितळेची टोपी ट्यूबलाइटखाली चमकत होती.

“तो खिळा,” मी म्हणाले.

“पण तुम्ही म्हणालात बदल नाही.”

“तो बदल नाही. तो खिळा आहे. तो असतोच.”

माझंच बोलणं माझ्या कानांवर आलं. तिने एक बारीक टोकाची सळई घेतली आणि दाखवलं. खिळा पट्टीच्या टोकाजवळून आत गेला होता, आतल्या लाकडी खुंटीच्या मधोमध. खुंटी उभी चिरली होती. चीर पट्टीत चढली होती. बाकीचे तीन पाय तिने हलवून पाहिले. जसेच्या तसे. मिस्त्रींचे सांधे अगदी चोख होते. जिथे मी हातोडी मारली, तिथेच खुर्ची मोडली होती.

“वाळलेल्या लाकडात टोकाशी खिळा मारला की चीर जाते,” ती म्हणाली. टोचून नाही, नुसतं सांगितलं. “मजबुतीसाठी मारला होता का?”

“नाही,” मी म्हणाले. “आमचा आहे हे कळावं म्हणून.”

तिने साहेबाला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मान हलवली. मुलगी म्हणाली, “उद्या दुपारपर्यंत मशीन मोकळं आहे. नंतर दुसऱ्यांचा माल लागेल. तुमची दुसरी खुर्ची असेल तर आणा. पण काकू, जशी नकाशात आहे तशी.”

परत येताना मिस्त्री मागे बसले नाहीत, पुढे आमच्यात दाटीने बसले. पडघ्याचा बाजार आला. नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” मी म्हणाले, “मोडली.” तो म्हणाला, “त्यांची?” मी म्हणाले, “आपली.” त्याने माझ्याकडे एवढं बघितलं की मला सांगावं लागलं, पुढे बघ, ट्रक आहे.

त्यानंतर मिस्त्री हळूच म्हणाले, “भाभी. डावा पाय.”

“काय डावा पाय?”

“मागचा डावा पाय. याद करा. दुरुस्तीला काय येतं आपल्याकडे?”

आमच्या शेडमध्ये दुरुस्तीचा एक कोपरा आहे. तिथे नेहमी खुर्च्या पडलेल्या असतात. ज्याच्या त्याच्या खुर्चीचा मागचा डावा पाय ढिला. सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कारणही सगळ्यांना माहीत होतं, कारण सासऱ्यांनी ते सांगून ठेवलं होतं. माणूस डावीकडे रेलून बसतो. उजवा हात जेवायला, लिहायला मोकळा हवा, म्हणून भार डावीकडे. मी स्वतः हे गिऱ्हाइकांना सांगत आले होते. पटायचं त्यांना. एका शाळामास्तरांनी तर दुरुस्ती झाल्यावर मुद्दाम उजवीकडे रेलून बसायची सवय लावून घेतली होती.

शेडवर आल्या आल्या मी त्या कोपऱ्यात गेले. चार खुर्च्या होत्या. एकेक उलटी केली आणि मोबाईलचा दिवा लावला. सागवान होतं, सुटलेलं नव्हतं, पण प्रत्येक टोपीच्या बाजूने केसाएवढी काळी रेघ निघालेली. पॉलिश आत मुरून मुरून काळी झालेली, म्हणजे जुनी. मी बोट फिरवलं. नखाला लागत होती. मी जमिनीवरच बसले. रडू वगैरे आलं नाही, मला ते सहसा येत नाही. इतकी वर्षं ज्या टोपीवरून आम्ही आपला मोडका माल ओळखत होतो, त्या टोपीनेच तो मोडत होता. आणि ओळख पटली म्हणून आम्ही फुकट दुरुस्ती करायचो, नवा सरस भरायचो, आणि शेवटी? शेवटी त्याच्या शेजारी नवा खिळा मारून द्यायचो.

तेवढ्यात दिराचा फोन आला. त्याला कोणी सांगितलं देव जाणे, भिवंडीत खुर्ची मोडायच्या आधी बातमी पोचते.

“वैनी, मोडली ना?”

“मोडली.”

“मी बोललू व्हतो. आपला माल त्यांच्यापुढं टिकायचा न्हाय. मंग उद्या सकाली मी गोडाऊनवाल्याला घेऊन येतंव. नुसती जागा बघल.”

“अजून एक खुर्ची लागायची आहे मशीनला. उद्या.”

“आणि ती बी मोडली मंग?”

“मोडली तर किल्ली तुझ्या हातात देते. आणि शेड गोडाऊनसाठी देताना त्या बोल्टांचं सांग त्याला. पाय मोडून घेईल.”

तो हसला. माणूस वाईट नाही. फक्त त्याला घाई असते.

मी फोन ठेवला तेव्हा मिस्त्रींनी पट्ट्या कापायला घेतल्या होत्या. रबराचं लाकूड एका खुर्चीपुरतं उरलं होतं, जास्त नाही. मी म्हणाले, “मिस्त्री, खिळा नको.”

ते कापत राहिले. “खिळा माझा नाही, भाभी. मालकाचा आहे. मारायचा की नाही, मी कोण सांगणारा? मी खुर्ची बनवून ठेवतो.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण खिळ्याशिवाय आपली कशी कळणार? उद्या कोणी आणली दुरुस्तीला तर?”

“आणली तर ना,” मी म्हणाले.

त्यावर ते पहिल्यांदा हसले. “हे वर साहेबांना सांगू नका. त्यांना वाटेल मिस्त्रीच्या पोटावर पाय.”

संध्याकाळी खुर्ची शिकंज्यात आवळली गेली. सरस रात्रभर सुकायचा होता. घरी जाऊन मी स्वयंपाक केला, जेवण वाढलं, आणि नवऱ्याच्या ताटासमोरची खुर्ची उलटी करून बघायची इच्छा दाबून ठेवली. तो तिच्यावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर शेडवर गेले. फाटकातच दिराची गाडी आडवी उभी होती. आत तो आणि गोडाऊनवाला, दोघं मोजपट्टी धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते. गोडाऊनवाला एका बोल्टला ठेचकाळला आणि बोलला काहीतरी. कारागीर सगळे कामावर होते, पण एकाही रंध्याचा आवाज नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मिस्त्रींनी खुर्ची शिकंज्यातून काढून ठेवली होती, रोजच्या जागी, रोजच्यासारखी उलटी. शेजारी हातोडी आणि खिळ्यांचा डबा. त्यांनी मुद्दाम ठेवलं नसावं. हाताला सवय.

मी वाकले, चारही सांधे बोटांनी चाचपले. मागचा डावा पाय पट्टीला मिळतो तिथे लाकूड कोरं होतं. मला हात उचलावासा वाटला, हे खरं आहे. मी डब्याचं झाकण लावलं आणि खुर्ची सुलटी केली. दोन बोटांनी उचलली गेली. चिंध्या गुंडाळून आवारात उभ्या टेम्पोत चढवली. मिस्त्री मागे चढून तिला धरून बसले.

मग मी आत जाऊन दिराला म्हणाले, “मोज तू सावकाश. पण आधी गाडी बाजूला घे, टेम्पो काढायचा आहे.”

त्याने मोजपट्टीचं टोक गोडाऊनवाल्याच्या हातात दिलं आणि गाडी बाजूला घ्यायला गेला.